भारतात जायचं, पण शिकायला

आपल्या घरांतल्या मुलांची भारतवारी ठरलेली असते. डिसेंबरची सुट्टी किंवा जून-जुलै, फार तर तीन आठवडे. त्यात एखादं लग्न, लक्ष्मी रोडवरची खरेदी, दातांच्या डॉक्टरकडे एक चक्कर, कुलदैवताचं दर्शन, आणि उरलेले दिवस आजी-आजोबांकडे. यात वाईट काहीच नाही, नाती अशीच टिकतात. पण विमानात परत बसताना आपण समाधानाने म्हणतो, "चला, मुलांना आपली संस्कृती कळली." खरी गडबड तिथे आहे.

त्यातलंच एखादं मूल पुढे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येऊन सांगतं, "मला एक सेमेस्टर भारतात काढायचंय. धर्म, इतिहास आणि संस्कृती असा कोर्स आहे. क्रेडिट्स मिळतात." तेच मूल स्पेनला किंवा इटलीला जायचं म्हणालं असतं तर आपण कौतुकाने चार जणांना सांगितलं असतं. भारत म्हटल्यावर मात्र प्रश्न सुरू होतात. याचा उपयोग काय? त्यापेक्षा समर इंटर्नशिप का नाही बघत? आणि शेवटचा ठेवणीतला प्रश्न: "भारतात शिकायला कशाला जायचं? भारत तर आपलाच आहे!"

मला या शेवटच्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे. "आपलाच आहे" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण शिकण्याच्या आड येणारं आहे. जे आपलंच आहे त्याबद्दल आपण प्रश्न विचारत नाही, त्याच्यासाठी पुस्तक उघडत नाही आणि त्याची भाषा सातवी-आठवीनंतर शिकत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की असं मूल घरात असेल तर त्याला अवश्य पाठवावं. फक्त पाठवताना दर्शनयात्रेला पाठवू नये, शिकायला पाठवावं. आणि ते जे शिकून येईल ते ऐकून घ्यायची आपली तयारी असावी.

ज्यांचा भारत नव्हता, ते गेले

मिडवेस्टमधल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' नावाची संघटना आहे. तिचा भारत अभ्यासक्रम पुण्यात अनेक दशकं चालला. आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिनची विशीतली मुलं-मुली यायची, मराठी कुटुंबांत राहायची, मराठी शिकायची, आणि प्रत्येकाला स्वतःचा एक विषय घेऊन त्याचा अभ्यास करावा लागायचा. ज्यांच्या घरात मराठीचा एक शब्द कधी उच्चारला गेला नव्हता अशी ही मुलं पुण्याच्या बसमध्ये मोडक्या मराठीत सुट्टे पैसे मागत हिंडायची.

या कॉलेजांपैकी मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात १९६९ पासून एलिनॉर झेलियट इतिहास शिकवत होत्या. त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएच.डी. केली ती डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर. साल १९६९. त्या वेळी अमेरिकेतल्या किती मराठी घरांत बाबासाहेबांचा फोटो होता, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. गेल ऑम्वेट याच कार्लटनच्या विद्यार्थिनी. १९६३ साली फुलब्राइटवर त्या पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे बर्कलेला १९७३ साली सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध पूर्ण केला, सांगली जिल्ह्यात कासेगावला संसार थाटला, १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ साली तिथेच गेल्या. मॅक्सीन बर्नसन मराठीच्या बोलीचा अभ्यास करायला फलटणला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. प्रगत शिक्षण संस्था त्यांनी उभी केली. जाई निंबकरांच्या जोडीने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकण्याची पुस्तकं लिहिली. झेलियट आणि बर्नसन या दोघींनी मिळून १९८८ साली महाराष्ट्रातल्या धर्माच्या अनुभवावर एक लेखसंग्रह संपादित केला, तो अमेरिकेतल्या कॉलेजांत हिंदू धर्म शिकवताना वापरला गेला. आणि अॅरिझोनाच्या अॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांची सूत्रं आणि चरित्रं इंग्रजीत आणली, शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला (१९९९), आणि रा. चिं. ढेरे यांचा विठ्ठलावरचा ग्रंथ २०११ साली इंग्रजी वाचकांपर्यंत पोचवला.

ही नावं मी "बघा, गोऱ्यांनीसुद्धा आपलं कौतुक केलं" अशा सुरात सांगत नाही. त्या सुराचा मला कंटाळा आहे. माझा मुद्दा साधा आहे. या बायकांना महाराष्ट्र आयता मिळालेला नव्हता. म्हणून त्यांनी भाषा शिकली, माणसांत राहिल्या, कागद वाचले. आपल्या मुलांना तो आयता मिळाला आहे असं आपण धरून चालतो आणि म्हणून त्यांना काहीच देत नाही.

ही आपलीही परंपरा आहे

कुणी म्हणेल, धर्म शिकायला देशोदेशी हिंडणं हे श्रीमंत देशांतल्या मुलांचे लाड आहेत. मग धर्मानंद कोसंबींची आठवण करून द्यावी लागेल. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्या ओढीने १८९९ साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, मग श्रीलंका, ब्रह्मदेश. खिशात पैसे नाहीत, हातात पदवी नाही. पाली शिकायची एवढा एकच ध्यास. आणि शेवटी हा माणूस पोचला कुठे, तर १९१० साली हार्वर्डला, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. केंब्रिज-बॉस्टनच्या परिसरात आज शेकड्यांनी मराठी मंडळी राहतात. त्यांतल्या कितीजणांना हे माहीत असतं?

मागे घरी पत्नी आणि तान्ही मुलगी होती, हेही विसरून चालणार नाही. त्यांच्या शिकण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. आपल्या मुलांच्या बाबतीत ती किंमत फार तर एका इंटर्नशिपची आहे.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले. विषय मुख्यतः अर्थशास्त्राचा. पण ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये या विद्यार्थ्याने निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर: त्या कशा चालतात, कशा जन्मल्या, कशा पसरल्या. जातीचा अनुभव त्याला साताऱ्याच्या शाळेपासून होता, त्यासाठी न्यूयॉर्कला यायची गरज नव्हती. पण त्या अनुभवाला शास्त्राची भाषा आणि चिकित्सेचा आधार मिळाला तो इथल्या वर्गात आणि वाचनालयात. शिकायला दूर जाण्याचा हा फायदा असतो. जे जगलो ते जरा लांबून बघता येतं.

आणि तिसरं नाव पंडिता रमाबाईंचं. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, दोन-अडीच वर्षं या देशात हिंडल्या आणि १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. इथल्या बायकांच्या संस्थांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि इथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्यायही लिहिला. यजमानांच्या घरी जेवून यजमानांबद्दल खरं लिहायला धाडस लागतं. अभ्यासाला जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून हीच अपेक्षा असते, मग तो मुंबईहून फिलाडेल्फियाला येवो की फिलाडेल्फियाहून पुण्याला जावो.

"पण हे लोक आपल्यावर टीकाच करायला शिकवतात!"

हा आक्षेप आपल्या बैठकींत नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन प्रसंग अनेकांच्या लक्षात असतील.

पहिला २००५-०६ चा. कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांतल्या प्राचीन भारतावरच्या धड्यांवरून वाद झाला. काही हिंदू संघटनांनी बदल सुचवले, इतिहासाच्या काही प्राध्यापकांनी आणि दलित संघटनांनी त्यांतल्या अनेक बदलांना विरोध केला. वादाच्या केंद्रस्थानी होते जात आणि स्त्रियांचं स्थान. पुस्तकांत ढोबळ चुका होत्या, हे खरं. पण त्या दुरुस्त करण्याच्या निमित्ताने जातीचा उल्लेखच पुसट करायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

दुसरा प्रसंग जास्त जवळचा. मिनेसोटाच्या मॅकॅलेस्टर कॉलेजातल्या जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३ साली आलं. त्यातल्या काही ओळींवरून संताप उसळला आणि ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. पुस्तकावर बंदी आली, ती २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या ओळी पुराव्याविना लिहिल्या, असं ज्यांना वाटलं त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मोडतोड कुणाची झाली? आपल्याच पूर्वजांच्या पोथ्या जपणाऱ्या संस्थेची. चुकीच्या पुस्तकाला उत्तर म्हणजे बरोबर पुस्तक. ते लिहायला मोडी वाचता येणारा, फारसी कळणारा, जुनी मराठी समजणारा माणूस लागतो. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांत असे किती आहेत? ज्या वर्गात आपण आपली मुलं बसवत नाही, त्या वर्गात काय शिकवतात याची तक्रार करायचा आपला हक्क जरा लंगडाच पडतो.

आणि समजा, मूल खरंच टीका घेऊन परत आलं तर? कुठला तरी थँक्सगिव्हिंगचा दिवस असेल, जेवायला चार मराठी कुटुंबं असतील आणि ते विचारेल, "बाबा, आपण पुण्यात ज्या सोसायटीत उतरतो तिथे सगळी आडनावं एकाच प्रकारची का आहेत?" त्या क्षणी घास घशात अडकेल, हे मला मान्य आहे. पण हा प्रश्न आता नाहीतरी येणारच. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटलने जातीवर आधारित भेदभावाला बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच अर्थाचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये ते व्हेटो केलं. तुम्ही या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, जात हा विषय आपल्या मुलांच्या कॉलेजात आणि नोकरीत येऊन पोचला आहे. तो त्यांना ट्विटरवरच्या भांडणातून कळावा की फुलेवाड्यात उभं राहून?

काय बघावं, कसं बघावं

अभ्यासदौरा म्हणजे नेमकं काय, याची एक-दोन उदाहरणं देतो.

लोणावळ्याजवळचं कार्ले घ्या. आपल्यातल्या कित्येकांची कुलदेवता तिथली एकवीरा. आपण पायऱ्या चढतो, ओटी भरतो, उतरतो. देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. एकाच खडकावर बुद्धाचा स्तूप आणि कोळ्यांची आई. हे कसं झालं? कोण आधी, कोण नंतर, आणि मधली शतकं तिथे कोण येत होतं? तिथे एक दिवस घालवलेल्या विद्यार्थ्याला "धर्म" हा शब्द एकवचनी वापरताना पुढे आयुष्यभर जरा अडखळायला होईल. माझ्या मते हे शिक्षण यशस्वी झालं.

किंवा पंढरपूर. वारीत चार दिवस चालावं, जरूर चालावं. पण त्याआधी इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेख वाचावा. त्या स्वतः चालल्या होत्या, त्या गर्दीवर त्यांचं प्रेम होतं, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांचं जेवण वेगळं होतं हेही त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. मग देवळाबाहेर चोखोबांच्या समाधीपाशी थांबावं. आणि हे देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं, हे लक्षात ठेवून मग आत जावं. भक्ती कमी होत नाही. भाबडेपणा कमी होतो.

यादी वाढवता येईल. १९२७ च्या सत्याग्रहाचं महाडचं चवदार तळं. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी. ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायली ज्यूंची पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातली गावं. मुसलमान असून संतपरंपरेत मानाने बसलेल्या शेख महंमदांचं श्रीगोंदं. ज्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून आणलं, त्यांचा गोवा. यातलं किती आपण स्वतः पाहिलं आहे?

थोडं व्यवहाराचं

भाषेशिवाय गेलेला विद्यार्थी इंग्रजी बोलणाऱ्यांचाच भारत पाहून परत येतो. अमेरिकन सरकारने २००६ साली परकीय भाषांसाठी मोठी शिष्यवृत्ती सुरू केली, त्यात हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली होत्या, मराठी नव्हती. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, ठीकच आहे. पण 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'तर्फे पुण्यात अनेक वर्षं मराठीचे वर्ग चालत आले आहेत, ही माहिती किती पालकांना असते? घरी ऐकून मराठी कळणाऱ्या मुलांना तिथे मोठा फायदा होऊ शकतो. त्यांना कानाने समजतं, वाचता येत नाही, एवढीच अडचण असते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ओसीआय कार्ड आहे म्हणजे सगळं मोकळं, असं समजू नका. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय असणाऱ्यांनाही भारतात संशोधन करायला वेगळी परवानगी घ्यावी लागते. मुलाचा कार्यक्रम नुसत्या शिक्षणाचा आहे की त्यात मुलाखती, पाहणी असं संशोधनही आहे, हे कॉलेजच्या कार्यालयात आधीच लेखी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट पैशांची. आपल्यातले बरेच जण खर्च पेलू शकतात. पण सगळे नाहीत, आणि ज्याला परवडत नाही तो विद्यार्थी मराठी आडनावाचाच असेल असंही नाही. ओहायोतल्या एखाद्या काळ्या मुलीला फुल्यांवर काम करायचं असेल, 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण का केलं हे शोधायचं असेल, तर तिचं विमानाचं तिकीट आपल्यातल्या पाच-सहा कुटुंबांना जड नाही. देवळांना आणि संमेलनांना आपण सढळ हाताने देतो. त्याच्या एका कोपऱ्यात हे बसेल.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: मूल तिकडे असताना नातेवाइकांच्या ताब्यात देऊ नका. दर शनिवार-रविवारी मावशीने जेवायला नेलं, काकांनी गाडी पाठवली, तर ते मूल पुन्हा आपल्याच भारतात जाईल, त्याच चार गल्ल्यांत. त्याला होस्टेलवर किंवा यजमान कुटुंबात राहू द्या, एसटीने हिंडू द्या. जमलं तर आपल्या जातीचं नसलेलं घर यजमान म्हणून मिळालं तर बरं. आजारी पडलं तर मावशी आहेच.

परत आल्यावर

मूल परत येईल तेव्हा ते कदाचित देव मानणारं झालं असेल, कदाचित न मानणारं. कदाचित अभंग ऐकून रडणारं आणि त्याच संध्याकाळी जातीवर वाद घालणारं. आपल्याला यातलं एक हवं असतं आणि दुसरं नको असतं. श्रद्धाळू पालकांना वाटतं त्याने भक्त होऊन यावं, आमच्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांना वाटतं बंडखोर होऊन यावं. दोघांनीही हा हट्ट सोडावा. उत्तर आधी ठरवून पाठवायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाचवलेले बरे.

आपली पिढी इथे आली तेव्हा भारत जसा होता तसा आपल्या डोक्यात गोठून राहिला आहे. काहींच्या डोक्यात तो १९७८ चा, काहींच्या २००१ चा. मुलांना तोच देऊन आपण त्याला संस्कृती म्हणतो. तो खरा भारत कसा आहे, कसा होता आणि कुणाकुणाचा होता, हे स्वतः जाऊन बघायची इच्छा एखाद्या विशीतल्या मुलाला होत असेल, तर आपण सही करावी, तिकीट काढावं आणि ते जी पुस्तकं वाचणार आहे त्यांतली निदान दोन आपणही वाचायला घ्यावीत.